निसर्गसंपत्तीची विद्या आणि आपली मुले

(डोळखांब, तालुका शहापूर येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न उभा राहतो. मुलाने पुढे काय शिकावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा अगोदरच ठरलेले असते. जवळच्या महाविद्यालयात नाव घालावे, बी. ए. व्हावे, मग शिक्षकाची किंवा कारकुनाची जागा पाहावी. या मार्गाने आपल्या समाजातील शेकडो कुटुंबे अन्नाला लागली. त्या मार्गाची निंदा करण्यासाठी मी येथे आलेलो नाही. परंतु एक विद्या अशी आहे की जी आपल्या दारात उभी असून आपण तिच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. माती, पाणी, वन आणि खडक यांची ती विद्या होय. तिलाच निसर्गसंपत्तीचा अभ्यास म्हणतात. तिच्याविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम आपण कोठे बसलो आहोत ते पाहा. समोर आजोबाचा डोंगर आहे, मागे सागाचे आणि ऐनाचे रान आहे. या मुलखात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इंग्रजांनी १८९२ साली तानसाचे धरण बांधले ते याच तालुक्यात. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ साली पुरा झाला, तोही याच तालुक्यात. मुंबईला सर्वांत अधिक पाणी देणारे भातसा धरणही येथलेच. इकडे चोंढे येथे घाटघरच्या जलाशयातून पाणी खाली सोडून २५० मेगावॅट वीज निर्माण करण्याची योजना २००८ सालापासून चालू आहे. मुंबईचा नळ आणि मुंबईचा दिवा यांची एक मुळी आपल्या तालुक्यात रुजलेली आहे.

आणि याच तालुक्यातील आपल्या भगिनी चैत्र-वैशाखात हंडा घेऊन ओढ्यातल्या डवऱ्यापाशी बसतात. वाटीवाटीने पाणी उपसावे तेव्हा एक हंडा भरतो. पुष्कळ पाड्यांना आणि वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात ज्या गावाची वाट पाण्याने बंद पडते, त्याच गावाचा घसा उन्हाळ्यात कोरडा पडतो.

हे का घडते? आपल्यापैकी कोणी म्हणेल, नशीब. बौद्ध माणसाने हे उत्तर देऊ नये. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण शोधून काढता येते, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. येथले कारणही शोधता येते. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी बनला. हा पाषाण मुळात घट्ट आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात जेवढे पाणी मावेल तेवढेच जमिनीत राहते. सह्याद्रीचा उतार तीव्र आहे. डोंगरावरचे रान विरळ झाले की पावसाचा थेंब मुरण्यापूर्वीच धावू लागतो, जाताना माती घेऊन जातो, आणि थोड्या अवधीत खाडीला मिळतो. झऱ्याचे पाणी डोंगराच्या नेमक्या कोणत्या अंगाने झिरपते, बांध कोठे घातला असता विहिरीला पाझर लागेल आणि कोठे घातला असता पैसा वाया जाईल, हे खडकाच्या थरांचा अभ्यास केलेला मनुष्य सांगू शकतो. ही जादू नव्हे. विद्यापीठात शिकविली जाणारी ही विद्या आहे.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्या तळ्यावरील आपला हक्क मुंबईच्या उच्च न्यायालयात १९३७ साली मान्य झाला. दहा वर्षे लागली. तो पाणी पिण्याचा हक्क होता. त्यापुढची पायरी कोणती? कोणत्या गावाला किती पाणी द्यावयाचे, कोणते रान राखावयाचे, कोणती जमीन धरणाखाली जावयाची, हे जेथे ठरते तेथे आपला मनुष्य बसणे, ही पुढची पायरी आहे. तेथे घोषणेने बसता येत नाही. तेथे नकाशा वाचावा लागतो, मोजमाप करावे लागते, अहवाल लिहावा लागतो.

एक घरगुती गोष्ट सांगतो. माझे आजोबा मुरबाडच्या बाजूच्या एका खेड्यात वतनदार महार होते. गावाची शीव त्यांना तोंडपाठ होती. कोणत्या खुणेचा दगड कोणत्या झाडाखाली आहे, ओढ्याने कोणत्या साली पात्र बदलले, रानातला कोणता झरा उन्हाळाभर टिकतो, हे ते अंधारातही सांगत. शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष प्रमाण मानावी, ही महाराष्ट्रातील जुनी रीत होती. अंमलदार आला की आजोबांनी पुढे चालावे, खुणा दाखवाव्या, आणि अंमलदाराने कागदावर लिहावे. कागद लिहून झाला की आजोबा झाडाखाली बाजूला उभे राहत. ज्ञान त्यांचे होते, परंतु अधिकार लेखणीचा होता. आणि ती लेखणी हाती धरण्याची त्यांना बंदी होती.

ही वतने म्हणजे पिढीजात वेठ आहे हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात वतनसुधारणेचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट झाली. वेठ गेली हे योग्यच झाले. तिचे गोडवे मी गाणार नाही. परंतु वेठीबरोबर मातीची आणि रानाची ओळखही आपण टाकून दिली, आणि तिच्या जागी शास्त्रीय विद्या मिळविली नाही. त्यामुळे आज शिवेवर मोजणीला यंत्र येते तेव्हा आपण पुन्हा बाजूलाच उभे असतो.

येथे कोणी मला अडवील आणि म्हणेल, "बाबासाहेबांनी आम्हांला खेडे सोडा म्हणून सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या कोत्या आणि जातीयवादी जीवनावर कठोर टीका केली. आणि तुम्ही आमच्या मुलांना पुन्हा माती, रान आणि डोंगर दाखविता?" हा आक्षेप रास्त आहे. ज्या आईने आयुष्यभर लाकडाची मोळी डोक्यावर वाहिली, तिला आपली लेक रानात जाऊ नये असेच वाटणार. त्या आईला मी नम्रपणे सांगतो की, मोळी घेऊन रानात जाणे निराळे आणि वनशास्त्राची पदवी घेऊन रानात जाणे निराळे. पहिलीत हुकूम ऐकावा लागतो. दुसरीत निर्णय घ्यावा लागतो. बाबासाहेबांचा रोष खेड्यातील गुलामगिरीवर होता. जमिनीचा आणि पाण्याचा अभ्यास त्यांनी स्वतः केला होता.

तो कसा केला हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. पूर आवरणे, शेतीला पाणी देणे, वीज काढणे आणि जलवाहतूक चालविणे, ही कामे एकाच योजनेत गुंफण्याचे धोरण त्यांच्या कारकीर्दीत आकारास आले. दामोदर खोऱ्याची योजना आणि महानदीवरील हिराकूडची योजना यांचा पाया त्याच काळात घातला गेला. नद्यांच्या विकासासाठी केंद्रीय आयोग १९४५ साली स्थापन झाला तोही त्यांच्याच खात्याखाली. अस्पृश्य म्हणून ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला शिवू दिले नाही, त्या पुरुषाने देशाच्या नद्यांची व्यवस्था लावली.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला आपल्या समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की, कला आणि कायदा या शाखांच्या शिक्षणापासून अस्पृश्य वर्गाला फारसा लाभ होणार नाही. विज्ञान आणि तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण हेच त्याला वर काढील, आणि ते खर्चाचे असल्यामुळे सरकारने साहाय्य केले पाहिजे. उच्च शिक्षणासाठी तीन लक्ष रुपयांची तरतूद त्यांनी करून घेतली. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना जी सरकारी शिष्यवृत्ती मिळते ती १९४४ सालापासून चालू आहे. आज आपला मुलगा ती शिष्यवृत्ती घेतो, परंतु ती कोणत्या विद्येसाठी मागितली होती हे तो विसरला आहे.

बाबासाहेबांच्याही आधी महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात वनखात्याच्या जाचाची कैफियत मांडली, आणि डोंगरउतारावर बांध घालून पाणी व माती अडवावी, असा उपाय सुचविला. पुढे दोन वर्षांनी, १८८५ साली, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रानाच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला आयोग नेमावा लागला. भाताच्या राबासाठी झाडाच्या फांद्या तोडू द्याव्या की नाही, हा त्यातला एक मोठा वाद होता. म्हणजे आपल्या या मुलखाचा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर देणारी आपली माणसे तेवढी कमी पडली.

आता व्यवहाराचे बोलतो. विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे.

कोकणात दापोली येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालापासून आहे. त्याच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची पदवी मिळते. झाडांची ओळख, रोपवाटिका, जमिनीचे संधारण, वन्यप्राणी, वनांची मोजदाद आणि वनांचे कायदे हे विषय तेथे शिकवितात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही वनशास्त्र आहे. ज्याला यंत्रांची आणि गणिताची आवड आहे त्याने कृषी अभियांत्रिकी घ्यावी. त्यात मृद व जलसंधारण हा मोठा विषय असतो. ज्याला खडकांचे कुतूहल आहे त्याने भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन पुढे एम. एस्सी. करावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व केंद्र सरकारचे भूजल मंडळ यांना असेच शास्त्रज्ञ लागतात. मत्स्यविद्येचे महाविद्यालय रत्नागिरीस आहे. आणि ज्या घरची परिस्थिती चार वर्षे थांबू देत नाही, त्या घरच्या मुलाने दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सर्वेक्षकाचा अभ्यासक्रम किंवा तंत्रनिकेतनात स्थापत्याची पदविका घ्यावी. भूकरमापकाच्या पदासाठी ती उपयोगी पडते. माझे आजोबा शीव दाखवीत. त्यांच्या पणतीने यंत्र लावून ती मोजावी आणि खाली स्वतःची सही करावी, अशी माझी इच्छा आहे.

या सर्वांचे दार अकरावीत उघडते वा बंद होते. तेथे विज्ञान शाखा घेतली पाहिजे. गणित कठीण म्हणून टाकू नका आणि जीवशास्त्रही सोडू नका. बारावीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. तिचा अर्ज वेळेत भरला पाहिजे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस विज्ञान, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांतील पदवी लागते. नुसत्या बी. ए. पदवीधराला त्या परीक्षेस बसताच येत नाही. राज्यातील सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांचीही गोष्ट बहुतांशी तशीच आहे. अकरावीत सोळा वर्षांच्या मुलाने केलेली निवड त्याला आयुष्यभर पुरते, म्हणून त्या दिवशी आईबापांनी त्याच्याजवळ बसावे.

कागदपत्रांविषयी एक भीती मी घरोघर ऐकतो. धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाईल, असे कोणीतरी सांगते आणि नव्याने दीक्षा घेतलेले कुटुंब घाबरते. ही भीती सोडा. महाराष्ट्र राज्याने १९६० सालापासूनच नवबौद्धांना सवलती लागू केल्या. १९९० साली राष्ट्रपतींच्या आदेशात दुरुस्ती होऊन, अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना देशभर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. आदिवासी बांधवांचा अनुसूचित जमातीचा दर्जा तर धर्मावर अवलंबूनच नाही. परंतु जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी प्रवेशाच्या आदल्या दिवशी होत नसते. मूल अकरावीत गेले की त्याच वर्षी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे व महसुलाचे उतारे गोळा करावयास लागा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. पुण्याची बार्टी ही संस्था स्पर्धापरीक्षांची तयारी करून घेते. परदेशी शिकू इच्छिणाऱ्या गुणी विद्यार्थ्यासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. ही भिक्षा नव्हे. हा लढून मिळविलेला हक्क आहे, आणि न वापरलेला हक्क गंजून जातो.

आता दोन कटू गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी आपली फसवणूक केल्यासारखे होईल.

पहिली गोष्ट ही की, पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे. वनखात्याच्या वरच्या जागा थोड्या असतात आणि परीक्षेची वाट पाहण्यात वर्षे जातात. म्हणून विद्यार्थ्याने एकाच खुर्चीवर डोळा ठेवू नये. पाणलोटाची कामे, रोपवाटिका, संशोधन, पर्यावरणाचे अहवाल, उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे तयार करणे, अशी अनेक कामे या विद्येला आहेत. ज्याने विषय मन लावून शिकला आणि हाताने काम केले, त्याची विद्या वाया जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपला शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा क्षेत्रातील वनरक्षक, तलाठी यांसारखी पदे स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवण्यात आली, आणि हा वाद न्यायालयातही गेला. आपल्यातील काही तरुण यामुळे ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी बांधवांवर रोष धरतात. हे आपल्याला शोभत नाही. शेकडो वर्षे रान ज्यांनी राखले आणि रानातून ज्यांना हुसकले, त्यांना रानाच्या कामात पहिला मान मिळाला तर आपण टाळी वाजवावी. आपल्या मुलांनी अधिक शिकून राज्याच्या आणि देशाच्या स्पर्धेत उतरावे, तेथे जागा आहेत. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींबरोबरच तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वनात राहून त्यावर उपजीविका करणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासींचाही हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि पुढे आपला बांबू आपण विकला. तेथे ग्रामसभा अभ्यास करून निर्णय घेते. आपल्या ग्रामसभेत ठाकुराचा अनुभव आणि बौद्ध पदवीधराची लेखणी एकत्र आली तर कोणाची हिंमत आहे त्यांना डावलण्याची?

मुरबाडच्या काळू धरणाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. वनविषयक मंजुरी नसताना काम चालू झाल्याची तक्रार लोकांनी उच्च न्यायालयात नेली आणि २०१२ साली काम थांबविण्याचा आदेश झाला. धरण हवे की नको, याचा निवाडा मी येथे करीत नाही. शहराला तहान आहे आणि गावालाही तहान आहे. परंतु किती रान बुडेल, किती घरे उठतील, किती पाणी कोणाला मिळेल, हे आकडे गावाच्या बाजूने तपासणारा शिकलेला मनुष्य गावात असला पाहिजे, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो.

आपल्यापैकी ज्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचला आहे त्यांना रोहिणी नदीचा प्रसंग आठवत असेल. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला आणि शाक्यांचा संघ युद्धास सिद्ध झाला. सिद्धार्थाने युद्धास विरोध केला. आधी दोष कोणाचा याची चौकशी करा, दोन्ही बाजूंचे पंच नेमा, असे त्याने सांगितले. संघाने ऐकले नाही, आणि सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली. पाण्याच्या तंट्यात आधी शहानिशा करा, मग निर्णय घ्या, ही तथागतांच्या चरित्रातली शिकवण आहे. शहानिशा करण्याची शक्ती म्हणजेच ही विद्या.

शेवटी, जे शिकून मोठे होतील त्यांना एक शब्द. उद्या तुमच्यापैकी कोणी वनक्षेत्रपाल होईल, कोणी अभियंता होईल. त्या दिवशी मोळी घेऊन येणारी बाई तुमच्यासमोर थरथरत उभी राहील. तिच्या जागी तुमची आजी उभी होती हे विसरू नका. नियम मोडू नका, परंतु नियम तिला समजावून सांगा, आणि नियमाने तिचा जो हक्क असेल तो तिने मागण्यापूर्वी तिच्या हाती द्या. शिकलेल्या लोकांनी समाजाकडे पाठ फिरविली, हे शल्य बाबासाहेबांनी आपल्या अखेरच्या वर्षी बोलून दाखविले होते. ते शल्य पुन्हा कोणाला बोलून दाखवावे लागू नये.

माता-पित्यांनो, या सभेतून घरी जाताना एवढाच निश्चय करा. यंदा दहावीस बसलेल्या आपल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, विज्ञान शाखेत घालावयाचे. फीचा हिशेब, दाखल्यांची खटपट, प्रवेशाचा अर्ज यांसाठी वस्तीतील दोन शिकलेल्या तरुणांनी दर आठवड्याला एक तास विहारात बसावे. दर वर्षी एका वस्तीतून एक मूल या विद्येकडे गेले तरी दहा वर्षांनी या तालुक्याच्या पाण्याचा हिशेब विचारणारी माणसे आपल्यात असतील. आणि तेव्हा डवऱ्यापाशी बसलेल्या आपल्या भगिनीला कोणी नशीब म्हणून सांगणार नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!